लाल डगले

कापड हातात आलं की तो आधी ते नाकाला लावायचा, डोळ्यांनी बघायचा नंतर. "रंग फसवतो, वास फसवत नाय," म्हणायचा, आणि नाक असं आक्रसायचा की आपण आंघोळ करून निघालोय ना, अशी समोरच्यालाच शंका यायची. आमच्या आळीतल्या एका वकिलांचे पडदे त्याने गड्याबरोबर परत पाठवले होते. "सायबांना सांग, आधी धुवून धाडा. मी रंगारी हाय, परीट नाय."

कल्याणात खाडीच्या अंगाला त्याची भट्टी होती. तुम्ही जुने कल्याणकर असाल तर त्याचे कोपरापर्यंत निळे झालेले हात तुम्हाला आठवतील. देवळात तीर्थ घ्यायला ओंजळ पुढे केली की नवखा पुजारी दचकायचा. "पक्का रंग हाय, म्हाराज. तुमच्या तीर्थात उतरायचा नाय," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

सत्तावनच्या बंडाला शंभर वर्षं झाली, त्या साली आमच्या आळीने गणपतीच्या मिरवणुकीत बंडाचा देखावा करायचं ठरवलं. मी शाळामास्तर, म्हणून मंडळाचा चिटणीस. अध्यक्ष एक कंत्राटदार होते. महायुद्ध संपल्यावर लष्करी कँपातला माल लिलावात निघाला, तेव्हा त्यांनी हिरव्या-तपकिरी डागांचे, झाडीत लपायचे डगले गठ्ठ्यांनी घेऊन ठेवले होते. ते काही खपले नाहीत. त्यातले चाळीस त्यांनी देशकार्य म्हणून मंडळाला दिले. लाल रंगवले की झाले कंपनी सरकारचे शिपाई, असा हिशेब.

भट्टीवर गठ्ठा सोडला आणि मी दोन पावलं मागे सरलो. उंदरांच्या लेंड्या, मुताचा दर्प, एका खिशात वाळून गेलेलं पिल्लू. घरात पायपुसणं म्हणूनही कुणी घेतलं नसतं असलं देशकार्य होतं ते.

पहिला डगला त्याने तसाच लाल रंगात बुडवून पाहिला. हिरव्यावर लाल चढून भलताच रंग निघाला. "मास्तर, हा शिपाय नाय झाला, कलेजी झाली," तो म्हणाला. मग सोडा घालून उकळायचं, जुना रंग उतरवायचा आणि पुन्हा लाल चढवायचा, असं आठ दिवस चाललं.

त्यात एक डगला त्याने बाजूला काढून फळीवर ठेवला होता. त्याच्या पाठीवर मधोमध रुपयाएवढं भोक होतं आणि भोवती कडक झालेला काळपट डाग.

"रगत हाय," तो म्हणाला. "ह्याच्यात माणूस मेलाय, मास्तर. हा मी भट्टीत घालणार नाय. ह्याला जाळू की पुरू? हिंदू होता की मुसलमान, की गोरा, कसं कळायचं? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

मी अध्यक्षांकडे गेलो. तो एक डगला वगळू या, एवढंच म्हणायचं होतं. माझं पुरतं ऐकूनही न घेता ते खूश झाले. "अहो, मग तर सोनंच! रंगवू नका, धुऊही नका. हुतात्म्याच्या अंगात घालू."

आणि मी, शिकलेला माणूस, परत भट्टीवर गेलो, अध्यक्षांचं म्हणणं सांगितलं.

"तुम्ही काय बोल्लात त्यांना?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"कायच नाय?"

मी फळीवरून डगला घेतला आणि निघालो. त्याने अडवलं नाही.

मिरवणुकीत आळीतला एक पैलवान तो डगला घालून गाडीवर पालथा पडला होता. अध्यक्ष कर्ण्यातून ओरडत होते, "खऱ्या सैनिकाचं खरं रक्त! जवळून बघा!" लोक बघत होते. एका बाईने त्या भोकात बोट घालून कडेवरच्या मुलाला दाखवलं. मुलगा हसला, म्हणून तिने पुन्हा घातलं. इतकी किळस मला त्या मेलेल्या पिल्लाचीही आली नव्हती.

तेवढ्यात रंगारी गर्दीतून गाडीपाशी आला. पैलवानाला एवढंच म्हणाला, "काढ." अध्यक्ष कर्णा धरून ओरडले, "अरे, तुझा काय संबंध?" त्याने तिकडे पाहिलंही नाही. पैलवान उठून बसला, मुकाट्याने बटणं सोडू लागला. निळ्या हातांवर डगला घेऊन तो खाडीच्या रस्त्याने निघून गेला.

चार दिवसांनी मी भट्टीवर गेलो. भट्टी विझलेली. नवरात्राच्या लुगड्यांची गाठोडी न सोडता पडलेली. तो ओट्यावर बसला होता, डोक्याचं तुळतुळीत मुंडण केलेलं.

"उभा फाडला," तो म्हणाला. "अर्धा मसणात जाळला, अर्धा कबरस्तानच्या भिंतीशी पुरला. भोकाचेबी दोन झाले. एका अर्ध्याला तरी त्याची माणसं भेटतील." आणि मग म्हणाला, "धा दिवस सुतक धरलंय. कुणीतरी धराया पायजे."

मला तो एका शब्दानेही टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता तो नाही. भट्टीच्या जागी चाळ उभी आहे. त्याच्याविषयी कुणी विचारलं की मी पडद्यांची आणि तीर्थाची गोष्ट सांगतो, लोक हसतात, विषय संपतो. तुम्हाला मात्र उरलेलंही सांगून टाकतो. त्याच्या त्या दहा दिवसांतच एका रविवारी अध्यक्षांच्या घरी मंडळाचा श्रमपरिहार होता. चिटणीस म्हणून मला पहिल्या पंगतीत बसवलं. जिलब्या होत्या. मी खाल्ल्या, आणि वाढपी पुन्हा आला तेव्हा नको म्हणालो नाही.