इमानाच्या शेपटीत हात

माजा हात इमानाच्या शेपटीत अडकला हुता आन् माजा सोन्या रांगत रांगत पार म्होरं पंख्याखाली जाऊन बसला हुता. नाना वर खुर्चीवर, कानाला हेडफोन, हात इंजिनाच्या चावीवर. इमानाचं तोंड आभाळाकडं, त्यांना खालचं पोरगं दिसंना. मी वरडले, "नाना, थांबा!" लगीन झाल्यापास्नं नानांशी बोललेला माजा पयला शब्द त्यो, आन् त्योच त्यांना ऐकू गेला न्हाई.

नाना म्हंजी माजे चुलत सासरे. मिलिटरीत रेडिओवर हुते. पेन्शनीत कोल्हारला घरी आले आन् कांद्याच्या चाळीत इमान बांधाया बसले. प्लायवूडचं, दोन मानसांचं. लोक इचारायचे, "नाना, आता कांदा कुटं ठिवनार?" नाना म्हनायचे, "कांदा आत बी नासतो, बाहीर बी नासतो. इमान बाहीर भिजंल."

आमच्यात सून चुलत सासऱ्याशी तोंडानं बोलत न्हाई, लेकराला मधी घालून बोलती. सोन्याला अजून आई म्हनता येत न्हवतं, पन आमचा समदा कारभार त्याच्यावरनं चालायचा. मी म्हनायची, "सोन्या, आजोबान्ला सांग, च्या निवला." नाना म्हनायचे, "सोन्या, आईला सांग, च्या राहू दे, पक्कड दी." सोन्या आपला पायाचा अंगठा चोकत बसायचा. निरोप बराबर पोचायचा.

कुटलंबी बटन दाबायच्या आधी नाना वरडायचे, "हात काडा!" घरातला बल लावताना सुदिक. सासूबाईंची भाकर तव्यात मोडायची. "अवो भावजी, मी तव्यावर हाय, इजंवर न्हाई!" नाना म्हनायचे, "वैनी, सवय सगळीकडं पायजे." आन् रेडिओचा त्यांचा दुसरा नेम हुता. चालता चालता आवाज गेला की दोनी हात वर करायचे, कशालाच शिवायचं न्हाई. "आवाज गेला म्हंजी कुटंतरी काईतरी तुटलंय. बगितल्याबिगर हात लावायचा न्हाई." हे बी ते सोन्यालाच सांगायचे.

रेडिओची आवाज धरायची तार त्यांनी शेपटीच्या उभ्या पानात, आतनं लावली हुती. लाकडातनं आवाज जातो, पत्र्यातनं जात न्हाई, म्हनून. तिची वायर डावीकडनं आन् इंजिनाच्या वायरी उजवीकडनं. शेजारी शेजारी ठिवल्या की जावा-जावांवानी कुरकुर करत्यात म्हने. शेपटीला हात जायापुरतं एक भोक ठिवलं हुतं, पन नानांचा पंजा त्यात जाईना. त्या दिवशी ते म्हनले, "सोन्या, तुज्या आईचा हात बारीक हाय. म्हनावं, वायर तारंला दाबून धर. मी आदी नुसतं ऐकतो, मंग इंजिन लावून ऐकतो, कुरकुर येती का बगाया. मागं काय फिरत न्हाई, भ्यायचं न्हाई."

इमान चाळीच्या बाहीर काडून बाभळीला दाव्यानं बांधलं हुतं. सोन्या झोळीत निजला हुता. मी हात घातला. नाना वरडले, "हात काडा!" मंग निजल्या सोन्याला म्हनले, "तुज्या आईचा सोडून." आन् हेडफोन लावला. तेवड्यात झोळीतनं पोरगं उतरलेलं मला दिसलं.

मी हात वढला, तर आत बांगड्या लाकडाला अडकलेल्या. वरडून झालं. पाय आपटून झाला. मंग मला त्यो आवाज गेल्याचा नेम आठवला. वायर मुठीत धरली आन् अशी हिसकली की तार मुळातनं उपटून आली.

नानांचे दोनी हात वर गेले.

हेडफोन काडून ते खाली उतरले, म्होरं बगाया गेले आन् सोन्याला काखंत घिऊन आले. त्यांचं तोंड पांढरं पडलं हुतं. माजी उपटलेली तार बगितली, भोकाकडं बगितलं. सोन्याला म्हनले, "तुज्या आईला सांग, काम बराबर केलं." आन् खालीच बसले.

हात काय निगंना. तेल झालं, साबन झाला, मनगाट सुजलं. सासूबाईंनी पक्कड आनली, "बांगड्या वाढवाया लागत्याल." मला रडूच फुटलं. हे ट्रक घिऊन गुजरातंत गेलेले, वाटंवर असतील, आन् मी हिकडं हिरव्या बांगड्या फोडू? मी नुसती मान हालवत हुते.

नानांनी पक्कड वैनींच्या हातातनं काडून घेतली, ठिवून दिली आन् करवत आनली. वर्सानुवर्सं घासून गुळगुळीत केलेली शेपूट त्यांनी माज्या मनगटाभवती कापली. "पुतन्याच्या गाडीचा इषय हाय," म्हनले. "प्लायवूड दुसरं मिळतंय."

शेपटीला ठिगळ बसलं; भोक मोटं केलं तर शेपूट कच्ची हुईल म्हनून पयल्याएवडंच ठिवलं. उडायची सरकारी परवानगी बी आली. राहिली तेवडी तार. नाना दारात आले, खाली बगून म्हनले, "सोन्या, आईला इचार, हात घालती का? नको वाटत आसंल तर नको. इमान हाय तसं ठिवू, कांदा भरू."

सासूबाई आतनं म्हनल्या, "जोडू नको गं. जोडलीस तर म्हातारा वर जानार. पडला तर तुज्या हातानं पडला म्हनतील."

दुसऱ्या कुनाचाच हात त्या भोकात जात न्हवता. मी चुलीम्होरं बसले, साबन लावून बांगड्या एकेक उतरवल्या, एक तेवडी ठिवली, आन् सोन्याला झोळीला बांधून वायर जोडली.

नाना उडाले. नदीपातुर गेले आन् माघारी आले. उतरल्यावर सोन्याला म्हनले, "आईला सांग, तार बोलली." म्होरल्या हिवाळ्यात दम्यानं गेले, खाटंवर. सासूबाई अजून म्हनत्यात, वरचा गार वारा बाधला, तू वायर जोडायाच नको हुती. सोन्या आता बोलतो, पन त्याला मधी घालून बोलावं असं घरात कुनी राहिलं न्हाई.

मला अजून कळत न्हाई. ज्या मानसानं माज्या बांगड्यांपायी आपलं इमान कापलं, त्याला न्हाई कसं म्हनायचं? आन् व्हय म्हनायचं तर कसं? तुमी माज्या जागी आसता, हातात वायर आसती, म्होरं नाना खाली बगून हुबे आसते, तर तुमी काय केलं आसतं?