पुढचं फुटेज नाही

हे आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. बायकोने नाही, कोल्हापूरच्या भावाने नाही, क्लबातल्या तर कुणीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण कधी ना कधी कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा हा राग आता मला आवरत नाही. फक्त ऐकताना ‘असं होतं कधी कधी’ असं मनातसुद्धा म्हणू नका. असं होत नाही. कुणीतरी करतं म्हणून होतं. मी केलं.

काय केलं, ते सांगतो. पण आधी मी कोण, ते कळायला हवं — नाहीतर तुम्हाला वाटेल, हा कुणी मोठा खलनायक असेल. मी कसला खलनायक? सिंगापुरात हौगांगला फ्लॅटमध्ये राहणारा, बँकेच्या आयटीत वर्षानुवर्षं मान मोडून काम केलेला माणूस. मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल आलाच. बाकी महाराष्ट्र क्रिकेटने वेडा झालेला असतो तेव्हा आमच्या पेठा फुटबॉलवरून एकमेकींशी बोलणं टाकतात. मी आमच्या तालमीच्या संघात मिडफिल्डर होतो. म्हणजे — बेंचवर. सबंध मोसम जर्सी धुतलेलीच राहायची माझी.

इथे पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर मी शनिवार-रविवारी इथल्या एका व्यावसायिक क्लबात जायला लागलो. छोटा क्लब, नाव सांगत नाही. स्टँडच्या सगळ्यात वर कॅमेरा लावायचा, अख्खी मॅच शूट करायची, घरी येऊन तुकडे कापायचे — कोण कुठे चुकलं, कोण कुठे मोकळा होता — आणि ते कोचला द्यायचे. व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट म्हणतात त्याला. खरे खेळाडू मला नावाने हाक मारायचे. चाळिशी उलटलेल्या माणसाला त्याचं केवढं अप्रूप असावं? मला होतं.

यानिक तिथेच भेटला. फ्रेंच मिडफिल्डर, पस्तिशीला टेकलेला, उत्तर फ्रान्समधल्या गिरण्या बंद पडलेल्या कुठल्याशा गावचा. फ्रान्समध्ये दुसऱ्या डिव्हिजनला काही मोसम खेळला, मग बेल्जियम, ग्रीसचं एक बेट, सायप्रस, बल्गेरिया, अझरबैजान, व्हिएतनाम, थायलंड — आणि मग आमच्याकडे. हे सगळं तो ट्रक ड्रायव्हरने वाटेतले ढाबे सांगावेत तसं सांगायचा. बल्गेरियात क्लबच बुडाला. अझरबैजानात बर्फात खेळताना पायाचं बोट मोडलं. व्हिएतनाममध्ये तो पोचायच्या आत त्याला बोलावणारा कोचच हाकलला गेला होता. प्रत्येक देशातून त्याने एक शिवी आणि हाक मारायचा एक शब्द उचललेला. माझ्याकडून ‘भावा’ उचलला. भ जमायचा नाही त्याला. भर मैदानात ‘बावा! बावा!’ ओरडून पास मागायचा. आमच्या मलय आणि चिनी पोरांनाही पुढे पुढे ते कळायला लागलं होतं. मी वर कॅमेऱ्यामागे एकटाच हसायचो.

कसा खेळायचा? वेग उतरला होता, ते खरंय. कधी कधी चेंडू त्याच्या पायातून जायचा. पण गेला की तो मान खाली घालून असा मागे धावायचा, की बहुतेक वेळा चेंडू त्यानेच परत हिसकावून आणलेला असायचा. स्वतःची चूक स्वतः निस्तरायची, हाच त्याचा खेळ होता. स्टँडमधल्या प्रेक्षकाला हे दिसत नाही; तो चेंडूबरोबर पुढे गेलेला असतो. मला दिसायचं. ते बघणं हेच तर माझं काम होतं — कळतंय ना तुम्हाला? हे न दिसणाऱ्या कुणी त्याला दोष दिला असता तर गोष्ट वेगळी. मला माहीत होतं.

त्या वर्षी पहिल्यांदाच त्याची बायको आणि मुलगी त्याच्यासोबत येऊन राहिल्या होत्या. पासिर रिसला, समुद्राजवळ. शाळा बदलून बदलून ती पोर कुणाशी बोलेनाशी झाली होती, इथे तिला एक जिवाभावाची मैत्रीण मिळाली. यानिक म्हणायचा, “आता हलायचं नाही. आणखी एक करार मिळू दे, मग इथेच पोरांना शिकवत बसेन.” करार नाही तर इथे राहायचा वर्क पास नाही, आणि पास नाही तर महिन्याभरात सामान बांधा — हे तोही जाणत होता, मीही. इथे राहणाऱ्या कुणाला ते वेगळं सांगावं लागतं?

हेड कोचला तो नको होता. यानिक ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांदेखत त्याच्याशी वाद घालायचा, हे एक कारण. ओळखीच्या एजंटचा दुसरा एक परदेशी खेळाडू दारात उभा होता, हे दुसरं. एका दुपारी कोचने मला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर, कोपी — इथली कॉफी — पाजली आणि म्हणाला, “यानिकचा एक व्हिडिओ कर. त्याला मागे यायला उशीर होतो ना, तेवढंच घे. कमिटीला दाखवायचंय.”

मी म्हटलं, “पण तो येतो मागे.”

तो कपात चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, “तुला क्लबात पूर्णवेळ यायचंय, असं ऐकलं.”

बस. एवढंच. ना धमकी, ना दमदाटी. धमकी दिली असती तर निदान आज त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं! त्याने फक्त चमचा फिरवला, आणि मी हो म्हणालो.

आणखी एक आहे. ते सांगताना जास्त लाज वाटते. काही महिन्यांपूर्वी सरावाला एक माणूस कमी पडला म्हणून मला मैदानात बोलावलं होतं. पोट सुटलेला मी, उधारीचे बूट. यानिकने चेंडू माझ्या दोन पायांच्या मधून काढला, वळून पुन्हा एकदा काढला, आणि सगळे खो खो हसले. तोही हसला. मग येऊन मला मिठी मारली. फुटबॉलमध्ये हे रोज चालतं, त्यात अपमान नसतो — हे मला माहीत नव्हतं का? होतं. तरी मी ते धरून ठेवलं. सिंगापूरभर फिरत होतो ते पोटात घेऊन, आणि तोंडाने ‘भावा, भावा’.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून मी तो व्हिडिओ केला. बायकोने चहा आणून ठेवला, मुलगी ट्यूशनला गेली होती. मी चेंडू यानिकच्या पायातून जाऊ द्यायचो आणि तिथेच कापायचो. तो वळायच्या आत. एकामागून एक. तो मागे धावतोय, चेंडू परत आणतोय — ते सगळं मी टाकून दिलं. दोन ठिकाणी तर समोरचा खेळाडू सोडला होता आमच्या पोरसवदा फुलबॅकने. मी क्लिप अशी सुरू केली की दोष यानिकचा दिसावा. मधेच थांबलो वगैरे? नाही हो. उलट काम छान चाललं होतं. काटछाट सफाईदार व्हावी म्हणून एकेक क्लिप मी पुन्हा पुन्हा पाहिली. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो — की मी ते नीट केलं.

बैठकीला कमिटीचे लोक होते, कोच होता, आणि यानिकलाही बोलावलं होतं. दिवे मालवले. पडद्यावर तो चेंडू घालवत राहिला. घालवतोय, घालवतोय, घालवतोय. कुणीतरी हळूच च् च् केलं. यानिक पुढे वाकून बघत होता. एका क्लिपला त्याने हात वर केला.

“इथे थांबवू नका. पुढे चालू द्या. मी परत गेलो होतो इथे.”

कोचने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. अख्खी मॅच त्याच लॅपटॉपमध्ये होती. दोन क्लिक आणि दिसलं असतं सगळ्यांना. एवढं सोपं होतं ते — इतकं सोपं, की आजही माझी बोटं ते दोन क्लिक करून बघतात.

“पुढचं फुटेज नाही,” मी म्हणालो. “सेव्ह झालं नाही.”

यानिकने माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्याला वाटलं मी खरं बोलतोय. कोचवर तो चिडला, कमिटीवर चिडला, पण माझ्यावर? माझ्यावर कशाला चिडेल? मी तर त्याचा बावा.

करार वाढला नाही. मला क्लबात पूर्णवेळ घेतलं. बायकोने पेढे मागवले — लिटल इंडियातून — आणि मी ते खाल्ले. चवीने.

जायच्या आधी मी त्याला सहकुटुंब घरी जेवायला बोलावलं. का बोलावलं? न बोलावलं असतं तर संशय आला असता, म्हणून. बायकोने तांबडा-पांढरा रस्सा केला. त्याची मुलगी जेवली नाही, माझ्या मुलीच्या खोलीत जाऊन बसली. यानिक मात्र घामाघूम होऊन, नाक पुसत, वाटीवर वाटी पीत होता, विनोद करत होता. माझी मुलगी मला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, अंकल सो फनी ला! व्हाय ते जातायत?” मी तिला पाणी आणायला पाठवलं.

मग तो माझ्या बायकोला म्हणाला, “त्या क्लबात एकच सरळ माणूस आहे. तुमचा नवरा.” बायकोचा चेहरा फुलला. मी काय केलं असेन? मी त्याच्या वाटीत आणखी रस्सा वाढला.

इथेच थांबलं असतं तरी पुरे वाईट होतं. पण महिन्याभराने त्याचा मेसेज आला. इंडोनेशियातल्या एका क्लबाला त्याच्यात रस होता, त्यांना अलीकडच्या पूर्ण मॅचेस बघायच्या होत्या. ‘बावा, जे असेल ते पाठव. जेवढं सेव्ह झालंय तेवढं.’ माझ्याकडे सगळं होतं. सबंध मोसम होता. पण पाठवलं असतं तर त्याने ते बघितलं असतं, आणि मी कुठे कुठे कापलं ते त्याला कळलं असतं. मी लिहिलं, सर्व्हरच साफ झालाय, वाईट वाटतं रे. खाली हात जोडलेली इमोजी टाकली. हो, तीसुद्धा टाकली.

इंडोनेशियातल्या क्लबाने दुसरा माणूस घेतला. नंतर कुणी विचारलं नाही. नऊ देशांत बूट घेऊन फिरलेला माणूस, त्याचं खेळणं माझ्या त्या दोन ओळींच्या मेसेजवर संपलं. निरोपाची मॅच नाही, काही नाही.

कोच पुढे दुसरीकडे गेला. मी आहे अजून. नवीन पोरांना मीच शिकवतो आता, क्लिप कुठून सुरू करावी, कुठे थांबवावी. ती वहीत उतरवून घेतात, मला सर म्हणतात. ‘प्रोफेशनल’ हा शब्द क्लबात कुणी उच्चारला की मला उठून त्याचं थोबाड फोडावंसं वाटतं. फोडत नाही. मान हलवतो.

गेल्या महिन्यात रविवारी यानिकचा फोन आला. तो गावी परतलाय, आईच्या घराजवळच राहतो. सकाळी पार्सलची गाडी चालवतो, संध्याकाळी शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवतो. आवाज चांगला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “तुला एक सांगू? तेव्हा मी सगळ्यांवर फार चिडलो होतो. पण त्यांचं बरोबर होतं. मला आतून वाटायचं मी मागे धावतोय, चेंडू परत आणतोय. आणि पडद्यावर बघितलं तर मी जागेवर उभा. म्हणजे मला कळतच नव्हतं की माझं संपलंय. कुणाला तरी ते दाखवावं लागलं.”

तो थांबला होता. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबला होता, हे मला स्पष्ट कळत होतं. खोलीत मी एकटा होतो. ऐकायला कोच नव्हता, कमिटी नव्हती. नोकरी जाणार नव्हती. पस्तिशी उलटलेल्या त्या माणसाला स्वतःचे पाय परत द्यायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, “वय होतंच रे.”

तो हसला. “हो,” म्हणाला. मग त्याने माझ्या मुलीची चौकशी केली. मी सांगितलं, बरी आहे, उंच झालीय.