कुलपातली चुंबकं

शाळेतल्या मुली विज्ञानाच्या बाईंना पाठीमागे फ्यूजबाई म्हणायच्या, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कुणी "बाई, हे परीक्षेला येणार का?" असं विचारलं की संपलंच. एकदा एका मुलीने धीर करून त्या नावाची माफी मागितली, तर बाई म्हणाल्या, "अगं अकलेच्या कांद्या, फ्यूज उडतो म्हणून घर जळत नाही. उडू दे."

या रागाचं मूळ होतं प्रयोगशाळेतलं काचेच्या दारांचं कपाट. आत काय नव्हतं! लोलक, भिंगं, आरसे, तांब्याच्या तारेची रिळं, चुंबकांची पेटी. पाण्यात लाटा उठवून दाखवायचा काचेच्या बुडाचा ट्रेही होता, पण त्याला जन्मात पाण्याचा थेंब लागला नव्हता. बाहेर हे भलंमोठं कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. मुलींनी सामान फोडलं तर तपासणीला दाखवायचं काय, हा त्यांचा बिनतोड सवाल.

मग मुली करणार काय? चित्रं काढायच्या. लोलकातून निघणारे सात रंग रंगपेन्सिलींनी इतके सुबक भरायच्या की बघत राहावं. खरा लोलक उन्हात धरल्यावर भिंतीवर काय उमटतं ते मात्र एकीनेही पाहिलं नव्हतं. "हा काय चित्रकलेचा तास आहे?" बाई कडाडायच्या. बिचाऱ्या मुली माना खाली घालायच्या. त्यांचा दोष नाही हे बाईंना कळायचं आणि त्यामुळे त्या आणखीच चिडायच्या.

त्या स्वतः शिकल्या तेव्हाही हीच तऱ्हा होती. गुरुजी टेबलामागून चुंबक दाखवायचे आणि शेवटच्या बाकावरून दिसायची ती फक्त गुरुजींची मूठ. कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा दोन चुंबकं हातात आली. सारखी टोकं जवळ नेली तर मध्ये काही नसताना हात मागे ढकलला गेला! त्या हरखून गेल्या आणि दुसऱ्याच क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढीशी गोष्ट, ती मला इतकी वर्षं कुणी हातात का दिली नाही? तो राग पुढे कधी उतरलाच नाही. लग्नानंतर नवरा म्हणायचा, "अगं, राग शाळेत ठेवून घरी येत जा." यावर बाईंचं उत्तर ठरलेलं, "कुठे ठेवू? कपाटाला कुलूप आहे."

या वर्षी मुख्याध्यापकांनी कळस केला. प्रयोगशाळेच्या खोलीत मोठा पडदा लावायचा, मुलींना प्रयोगांच्या फिल्म दाखवायच्या आणि कपाट शोभेसाठी दरवाजापाशी मांडायचं, असा त्यांचा बेत. बाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर त्यांना धारेवर धरलं. "तपासणीला साहेब येतायत ना? त्यांच्यासमोर मुली स्वतः प्रयोग करतील. जमलं तर खोली राहील. नाही जमलं तर खुशाल लावा तुमचा पडदा." मुख्याध्यापक कबूल झाले. कधी हात न लावलेल्या मुलींना काय जमणार, असा त्यांचा हिशोब असावा. किल्लीही दिली ती तपासणीच्या दिवशी सकाळी.

बाईंनी चुंबकांची पेटी उघडली, एक चुंबक टाचण्यांच्या ढिगात घातलं आणि वर उचललं. एकही टाचणी चिकटली नाही. दुसऱ्याला एक कशीबशी लोंबकळली आणि पडली. तेव्हा कुठे बाईंनी पेटीत नीट पाहिलं. सगळी चुंबकं एका रांगेत, सगळी लाल टोकं एका बाजूला, वरून घट्ट रिबीन.

"हे कुणी केलं?"

"मी, बाई," शिपाईमामा हौसेने पुढे आले. "कशी छान दिसतायत ना?"

"आणि टोकांना लावलेल्या लोखंडी पट्ट्या?"

"त्या गंजलेल्या? टाकल्या."

बाईंचा तोल गेला. सारखी टोकं शेजारी ठेवली तर चुंबकं एकमेकांचा जोर खातात, ती उलटसुलट ठेवायची असतात, टोकांना पट्ट्या लावायच्या असतात, एवढंही कळत नाही? मुलींच्या देखत त्यांनी त्या म्हाताऱ्या माणसाचा पार पाणउतारा केला. मामा खाली बघत म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही, बाई. मला कपाट उघडून मिळायचं ते पुसण्यापुरतं."

बाई जागच्या जागी थबकल्या. म्हणजे याही माणसाला नुसतं वरवर पुसायलाच मिळालं, कळायला काहीच नाही! "चुकलं माझं, मामा. माझा राग भलत्यावरच निघाला," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "तुमच्या स्कूटरची बॅटरी काढून आणता का?"

मुलींनी पुठ्ठ्याच्या नळ्यांवर तांब्याची तार गुंडाळायला घेतली. सरळ वेढे, उलट वेढे, कुणाची तार सुटली, कुणाची बोटं सोलली. नळीत चुंबक घालायचं, तारेची टोकं बॅटरीला क्षणभर लावायची आणि काढायची, की विजेने चुंबकात पुन्हा जोर भरायचा. "पुरे! तार तापतेय, हात काढ!" बाई ओरडत होत्या. पहिल्या चुंबकाला टाचण्यांचा झुपका लटकला तेव्हा मुलींनी छप्पर डोक्यावर घेतलं.

साहेब आले ते या गोंधळात. फरशीवर मुली, मुलींत तारा. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. साहेबांनी एक चुंबक उचलून एका मुलीला विचारलं, "उत्तर टोक कुठलं गं?"

"माहीत नाही, साहेब. आत्ताच केलंय. टांगून बघावं लागेल."

"लाल, लाल!" मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले.

मुलीने लक्षच दिलं नाही. दोऱ्याला टांगलेलं चुंबक हेलकावे खात थांबलं आणि त्याचं लाल टोक चक्क दक्षिणेकडे वळलं. शेजारणीचं उत्तरेकडे. "हिने वेढे सरळ दिलेत, मी उलटे," मुलगी म्हणाली. "विजेची दिशा फिरली, म्हणून टोकं फिरली." साहेबांनी खुर्ची नाकारली, गुडघे मोडून खाली बसले आणि दुसरी नळी मागितली. जाताना पडद्याचा बेत कानावर आला तेव्हा म्हणाले, "पडदा नको. ही खोली अशीच राहू द्या."

बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मुख्याध्यापक हसत हसत परतले. "वा, बाई! शाळेची इज्जत राखलीत. मामा, आता हे सगळं पुसून आत ठेवा." शेवटची नळी आत गेल्यावर त्यांनी स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"सर, साहेब काय म्हणाले ऐकलंत ना?"

"खोली राहू द्या म्हणाले. खोली राहिली की! सामान पुढच्या तपासणीला लागेल."

बाईंची कानशिलं तापली. मग त्यांचं लक्ष कपाटाच्या कडेला गेलं. कुलूप लावणाऱ्या शहाण्याने बिजागऱ्या बाहेरच ठेवल्या होत्या. बाईंनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, पदर खोचला आणि पहिला स्क्रू सैल केला.

"बाई! हे काय चाललंय?"

बाईंनी दुसऱ्या स्क्रूला हात घातला. मामांनी एकदा मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मग पुढे होऊन काच पडू नये म्हणून दोन्ही हातांनी दार धरलं. मुलीही धावल्या. एका बाजूचे स्क्रू निघाले, दुसऱ्या बाजूचे निघाले, आणि कुलपाने जखडलेली दोन्ही दारं अख्खी सुटून आली.

"कुठे ठेवायची, बाई?" मामांनी विचारलं.

"सरांच्या खोलीत," बाई म्हणाल्या. "कुलपासकट."