आत्यांचा निळा दिवा

आत्यांची नजर इतकी तेज होती की त्यांच्यासमोर वेणी नीट घातल्याशिवाय जायची सोय नव्हती. काचेच्या कुपीत पडलेला केस आम्हाला भिंगातूनही दिसायचा नाही. आत्या तो हातभर अंतरावरून दाखवायच्या, आणि वर कोणाच्या डोक्यातला तेही सांगायच्या. "ह्यो तुझा हाय, कुसे. तेल लावत जा जरा, लई गळत्यात." मग सगळ्या बायका हसायच्या आणि मी पदर आणखी घट्ट बांधायची.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवड स्टेशनाजवळ इंजेक्शनच्या कुप्या भरणारा एक लहान कारखाना होता. कारखाना हा आपला मोठेपणाचा शब्द. तीन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि दाराशी बसून बिड्या ओढणारा वॉचमन, एवढाच त्याचा संसार. सगळ्यात आतल्या खोलीत आम्ही बायका कुप्या भरायचो आणि आत्या त्या टेबलाच्या मुकादम होत्या. आमच्यात कोणाच्याच त्या सख्ख्या आत्या नव्हत्या, तरी मालकसुद्धा त्यांना आत्याच म्हणत. तळेगाव दाभाड्याहून रोज आगगाडीनं येत. डोक्यावरून पदर, कपाळावर गोंदण, आणि पिशवीत भाकरी. त्या भाकरीतला अर्धा वाटा आमच्यातली जी कोणी रुसलेली असेल तिचा.

आत्यांचा नवरा काच फुंकणारा होता, छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. काच ओळखायची विद्या त्याच्याकडून आलेली. काळ्या फडक्यापुढे कुपी धरून त्या बोटांत फिरवायच्या आणि बाजूला टाकायच्या. एकदा मी वाद घातला, की ही कुपी चांगली धड आहे. त्या म्हणाल्या, "काच मानसावानी आसती पोरी. उजेडापुढं धरल्याबिगर तिचा दोष दिसत न्हाई." कुपीच्या बुडाशी केसाएवढी चीर निघाली. त्यानंतर मी त्यांच्याशी काचेवरून कधी भांडले नाही.

मग एक दिवस खोलीत निळा दिवा आला. टेबलाच्या जरा वर, भिंतीला आडवी लावलेली हातभर लांबीची नळी. आमचे केमिस्टसाहेब नुकतेच शिकून आलेले, बोलायला भारी हौशी. त्यांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. नळीत पाऱ्याची वाफ असते, तिच्यातून वीज गेली की किरण निघतात. निळा उजेड दिसतो तो नुसता सोबतीला. खरा किरण दिसतच नाही, आणि तोच हवेतले, टेबलावरचे जंतू मारतो. साधी काच मध्ये आली तर तो किरण तिथंच अडतो, म्हणून ही नळी वेगळ्या काचेची. काम संपलं की दिवा लावायचा, दार ओढून घ्यायचं, आणि सकाळी बंद केल्यावरच आत यायचं. "आणि त्याच्याकडे बघत बसू नका," ते म्हणाले.

"मानसाला काय करतो व्हय?" आत्यांनी विचारलं.

"डोळ्यांना बरा नाही."

एवढंच. बरा नाही. आमच्या घरी आंबट दहीही बरं नसतं आणि उंबऱ्यावर बसणंही बरं नसतं. आत्यांनी मान डोलावली आणि त्यांच्या मनानं वेगळाच हिशेब मांडला. "जंतूच मारतो न्हवं? वाइटाला मारतो, त्यो चांगल्याला कशापायी मारंल?"

दिवा लावायचं काम मुकादम म्हणून त्यांच्याकडे आलं. बटण खोलीच्या आत, नळीच्या बरोबर खाली. बसवणाऱ्याला तार वाचवायची असेल, दुसरं काय. काम सुटायची वेळ म्हणजे दिवेलागणीची वेळ, आणि दिवेलागणीला दिवा लागला की हात जोडायचे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. आम्हीही दारातून जाता जाता हात जोडायचो, वाणसामानाच्या दुकानातल्या बल्बलाही जोडायचो. पण आमचा नमस्कार पळता. आत्यांचा तसा नव्हता. त्या दिव्यापुढे उभ्या राहायच्या, त्याच्याकडे टक लावून, आणि सगळ्यांची नावं घ्यायच्या. मुलाचं, सुनेचं, मग टेबलावरच्या एकेकीचं. सगळ्यात शेवटी म्हणायच्या, "ज्येला ही सुई टोचंल, त्येचं भलं कर." कोण कुठला आजारी माणूस, त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. त्याच्यासाठी त्या आणखी थोडा वेळ उभ्या राहायच्या.

दाराला काच होती. मी एकदा गमतीनं म्हटलं, "आत्या, बाहेर येऊन काचेतून करा की नमस्कार. गाडी चुकंल."

"काचेआडून नमस्कार म्हंजी दाराआडून पाहुणचार," त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. साधी काच, दीड वीत रुंद. तिच्या या बाजूला उभ्या राहिल्या असत्या तर त्यांना काहीएक झालं नसतं.

डोळ्यांची तक्रार थंडीत सुरू झाली. आत्या सकाळी यायच्या त्या लाल डोळ्यांनी, तोंड भाजल्यासारखं. म्हणायच्या, निजल्यावर डोळ्यांत मूठभर वाळू घातल्यावानी होतं, पाणी खळत नाही, चिमणीचा उजेडही सोसत नाही. दोन दिवसांत बरं वाटायचं, की पुन्हा तेच. त्या काळी आत्यांच्या गाडीला अजून कोळशाचं इंजिन. खिडकीशी बसलं की डोळ्यांत कण जाणारच, हे आम्हाला सगळ्यांना पाठ. आत्यांनी इंजिनाला शिव्या दिल्या, आम्हीही दिल्या. दिव्याचं नाव कोणाच्या मनात आलं नाही. येणार कसं? चटका लगेच बसला असता तर म्हातारीनं हात मागे घेतला असता. हा दिवा संध्याकाळी भाजतो आणि दुखणं मध्यरात्री घरी पाठवतो.

मग घरचे उपाय. शेजारच्या बाळंतिणीचं दूध डोळ्यांत पिळलं, काजळ घातलं, कोणीतरी मध सांगितला. कारखान्यात आम्ही हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून, जंतूच्या नावानं थरथरत कुप्या भरायचो. आणि त्या कुप्या राखणाऱ्या बाईच्या सोललेल्या बुबुळांत रोज कोणाची तरी बोटं जात होती. एके सकाळी आत्यांनी कुपी उजेडापुढे धरली, फिरवली, पुन्हा फिरवली आणि माझ्या हातात दिली. "तू बघ गं," म्हणाल्या.

मुलाला रजा मिळाली नाही म्हणून पुण्याच्या दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. दोन्ही डोळ्यांत जखमा पिकून बुबुळांवर पांढरं फूल पडलं होतं. ते म्हणाले, "वेल्डिंगचं झाळकाम करणाऱ्यांचे डोळे असे भाजून येतात. तुम्ही काय काम करता? कसल्या दिव्याजवळ असता का?"

आत्यांचा चेहरा एकदम उजळला. "व्हय की. निळा दिवा हाय आमचा. रोज हात जोडते त्येला."

मी खाली बघितलं. डॉक्टरांनी हातातली बॅटरी विझवून खिशात ठेवली.

आठवड्याभरात कारखान्यातलं बटण दाराबाहेर आलं. तारवाला आला, भिंतीला भोक पाडलं, चहा पिऊन गेला. एवढंच काम होतं. केमिस्टसाहेब बिचारे तोंड चुकवत हिंडत होते. पुढे नोकरी सोडून गेले. मालकांनी आत्यांना लुगडं दिलं. त्याचा रंग मी त्यांना सांगितला.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आत्यांनी दिव्याला शेवटपर्यंत दोष दिला नाही. तळेगावला भेटायला गेले की म्हणायच्या, "माजंच कायतरी चुकलं आसंल. विटाळाचा हात लागला आसंल." मी किरण सांगितला, पारा सांगितला, काच सांगितली. त्या ऐकून घ्यायच्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या, जणू दुखणं मलाच झालंय. त्यांच्या भक्तीची मला चीड यायची, आणि चीड आली की रडू यायचं.

शेवटची भेट झाली ती दिवेलागणीला. आत्या उंबऱ्याशी बसलेल्या. दुपारचं ऊन तेवढं त्यांना कळायचं, बाकी सगळं सारखंच. सून चुलीपुढे भाकऱ्या थापत होती.

"दिवा लावला व्हय गं?" आत्यांनी विचारलं.

"लावला, आत्याबाई," सून म्हणाली. घरात अंधार होता. कोनाड्यातली चिमणी तशीच होती. आत्यांनी सुनेच्या आवाजाकडे तोंड करून हात जोडले आणि नावं घेतली, माझंसुद्धा.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "न्हाई लावला तिनं. लावला की राकेलचा वास येतो. पोरीचं हात पिठात आसत्यात, कुटं उठवायची?"

"मग हात कशाला जोडलेत?"

"येळ झाली हुती."

मी उठले आणि चिमणी पेटवली. ती घेऊन त्यांच्यासमोर बसले. ज्योत त्यांच्या डोळ्यांपुढे होती, दोन्ही बुबुळांवरची पांढरी फुलं स्पष्ट दिसत होती, आणि पापणी हलत नव्हती. त्यांनी श्वास आत घेतला.

"आता लागला," आत्या म्हणाल्या आणि पुन्हा हात जोडले.

माझ्या हातात चिमणी होती म्हणून मी जोडले नाहीत, असं मी सुनेला सांगितलं. पण त्यानंतर इतकी वर्षं झाली, हात मोकळे असतात, दिवे लागतात, आणि मला हात जोडवत नाहीत.