अकराव्या वर्षाच्या शुभेच्छा

सकाळपासून फोनवर अभिनंदनाचे संदेश येताहेत. नोकरदारांच्या त्या साइटच्या मते आज माझी कंपनीत अकरा वर्षं पूर्ण झाली. नोकरी जाऊन तीन महिने झालेत, पण तिथे तसं लिहायला मन धजत नाही. घरी बसलेल्याला मुलाखतीला कोण बोलावतं? शुभेच्छांचं ते तयार बटण मीही वर्षानुवर्षं कितीतरी ओळखीच्यांसाठी दाबत आलो. त्यातले कितीजण तेव्हा माझ्यासारखे गार झालेला चहा घेऊन खिडकीशी बसले असतील, कोण जाणे. सगळ्यांना ‘धन्यवाद’ लिहीत गेलो.

शेवटचा संदेश जुन्या सहकाऱ्याचा, संदीपचा होता. “अभिनंदन सर. माझी नोकरी गेलीय. तुमच्याकडे एखादी जागा आहे का?”

त्याला तरी खरं सांगावं म्हणून टाइप करायला घेतलं. मग सगळं पुसलं आणि लिहिलं, “बायोडेटा पाठव.”

दोन मिनिटांत आला.