सुईत औषध नव्हतं

माझी थोरली बहीण दुधनीला असते. अक्काचे गुडघे बरीच वर्षं दुखत होते आणि मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून ती दिवस ढकलत होती. शेवटी रक्ताचा रिपोर्ट बिघडला. किडनीवर ताण आलाय, या गोळ्या आता कायमच्या बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. ती पिशवी भरून आमच्या भवानी पेठेतल्या घरी आली. मी फार्मसी कॉलेजात औषधं शिकवतो, तेव्हा दुसरी एखादी गोळी भावाकडे असणारच, असं तिनं गृहीत धरलं होतं. माझ्याकडे नव्हती.

अॅक्युपंक्चरचं नाव माझ्या बायकोनं काढलं. तिची आखडलेली मान त्यानंच सुटली होती. माझा त्यावर फारसा विश्वास नव्हता, पण किडनीला त्रास नाही म्हणून अक्काला घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी तिच्या गुडघ्यांभोवती केसासारख्या बारीक सुया टोचल्या आणि काही सुयांना तारा जोडून अगदी हलका करंट दिला. अक्का आधी अंग चोरून पडली होती. थोड्या वेळानं तिला चक्क डुलकी लागली.

अक्का मला कानडीत तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते. परतताना रिक्षात ती म्हणाली, "तम्मा, सुईत औषध तर न्हवतंच की. मग गुडघा हलका कसा झाला?"

याचं उत्तर मी दरवर्षी वर्गात देत आलो होतो, फक्त सुयांशी त्याचा संबंध कधी लावला नव्हता. मी तिला सांगितलं, की अफूपासून मॉर्फिन काढतात आणि तसंच काम करणारं द्रव्य आपला मेंदू स्वतः बनवतो. सुई टोचली की नसांमधून मेंदूला निरोप जातो, हे द्रव्य सुटतं आणि दुखण्याची जाणीव मंदावते. मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध दिल्यावर काही प्रयोगांत सुयांचा गुणही कमी झालेला दिसलाय. सगळ्यांनाच सारखा आराम पडत नाही आणि मनाचाही त्यात वाटा असतो, हेही मी लपवलं नाही.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे अफू माझ्याच अंगात हाय," एवढंच म्हणाली.

ती आमच्याकडे राहून सुया घेत राहिली. दुखणं पूर्ण गेलं नाही, झिजलेला सांधा सुईनं भरून येत नाही. पण ती रात्री झोपू लागली, कठडा न धरता जिना उतरू लागली, आणि तेही एकही गोळी न घेता. आता वर्गात हा भाग शिकवताना मी सुयांबद्दल न कचरता बोलतो.

ती गावी गेल्यावर तिच्या सुनेचा फोन आला. सासूबाई सगळ्या गल्लीत सांगत सुटल्यात, की माझ्या अंगात अफू हाय, आणि बायका तोंडाला पदर लावून हसतायत, अशी तिची तक्रार होती. मी म्हटलं, अक्काला फोन दे. तर ती तूर बघायला शेतात चालत गेली होती.