डिस्क घासते, डोकं तापते

सायकल दुरुस्तीच्या धंद्यात किस्से आपण जमवत नाही, गिऱ्हाईकच ते कॅरिअरला बांधून आणून देतं. माझं दुकान भंडाऱ्यात, बावीस वर्षांपासून. पूर्वी पंक्चर होतं, चेन होती, लोक शांत होते, मीही शांत होतो. मग जाड टायरच्या, डिस्क ब्रेकच्या सायकली गावोगाव पोचल्या आणि माझं डोकं गेलं ते गेलंच.

खरं तर काम पाच मिनिटांचं. चाकाला लावलेली पोलादी चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. तो जरा तिरपा झाला की आतले पॅड चकतीला घासतात आणि चाक फिरताना सरसर वाजतं. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करायचे, ब्रेक दाबून धरायचा, बोल्ट आवळायचे. संपलं. पण एवढंसं काम माझ्यापर्यंत येईस्तोवर लोकांनी त्याचं काय काय करून ठेवलेलं असतं!

*

आंधळगावचे एक मास्तर. रोज सायकलने शाळेत जाणारे, हौशी माणूस. डिस्क वाजते म्हणून त्यांनी तिच्यावर खोबरेल तेल सोडलं. आवाज लगेच बंद झाला. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक दाबला, तर सायकल काही थांबेना. मास्तर थेट धानाच्या बांधीत, चिखलात.

दोन दिवसांनी लंगडत दुकानात आले आणि सायकलवाल्या कंपनीचा उद्धार करू लागले. मी पॅड काढून हुंगले. केसांच्या तेलाचा वास. माझा आवाज चढला. "मास्तर, ब्रेकचं कामच घासाचं हाये जी. त्याले तेल लावते का कोणी?"

मास्तरांनी शांतपणे विचारलं, "मंग आवाज कायले बंद झाला?"

त्यांना नवे पॅड घालून दिले आणि दारापर्यंत पोचवून आलो. दुसरं काय करणार?

*

एकदा लाखांदूरहून एक जण एसटीने आला. हातात फक्त पुढचं चाक. डिस्क घासते म्हणाला. सायकल कुठे आहे विचारलं, तर घरी. आवाज चाकातून येतो म्हणून त्याने चाकच आणलं होतं.

मी चाक फिरवून पाहिलं. डिस्क अगदी सरळ. म्हटलं, बाबा, या चाकात काही नाही, खोट त्या चिमट्यात आहे आणि चिमटा तू घरी ठेवून आलास. सायकल आण.

पुढच्या आठवड्यात तो एसटीच्या टपावर टाकून सायकल घेऊन आला. पुढचं चाक तेवढं नव्हतं.

मी डोक्याला हात लावला. तो उलट माझ्यावरच चिडला. "तुमीच त म्हणले, चाकात काही नाही म्हणून."

*

त्याच दुपारी एका ओळखीच्या माणसाची सायकल आली. डिस्क खरोखरच वाकलेली. ती पान्यात धरून हलक्या हाताने, थोडी थोडी सरळ करायची असते. लाखांदूरचा राग माझ्या मनगटात होता. एकच जोर लावला आणि चकतीचा पापड झाला.

माझी बायको सुनंदा काउंटरवर बसते, टायर-ट्यूब तीच विकते. ती उठली, फळीवरची नवी डिस्क काढून माझ्यापुढे ठेवली. "डिस्क नवी भेटते," ती म्हणाली. "डोक्स्याचं काय करता?"



*

प्रणाली नदीपलीकडच्या गावातून सायकलने कॉलेजला येते. दुकानात आली तेव्हा तिच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं आणि सायकल वडिलांनी धरली होती. पुलाच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत. पुढे ट्रॅक्टर होता. तिने सायकल कठड्यावर घातली म्हणून वाचली.

मी चाक फिरवलं. अजिबात आवाज नाही. कॅलिपरमध्ये डोकावलो, तर आत पॅडच नाहीत. मागच्या चाकालाही नाहीत. डिस्क घासते म्हणून ती सायकल विकणाऱ्याकडेच गेली होती आणि त्याने दोन मिनिटांत आवाज घालवून दिला होता.

हातातला पाना तसाच घेऊन मी त्या दुकानावर गेलो. सुनंदा मागून हाका मारत होती. मी त्याला विचारलं, पोरीच्या ब्रेकचे पॅड कुठे आहेत. तो हसला. म्हणाला, "आवाज येऊन राहिला होता ना? गेला ना आवाज?"

मी पाना त्याच्या काचेच्या काउंटरवर ठेवला. मारला नाही, ठेवला. मग दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने काय केलं ते सांगितलं. दोघं जण बाहेर पडले. तेव्हा कुठे त्याचं हसू गेलं.

परत येऊन नवे पॅड बसवले, कॅलिपर जुळवले, ब्रेक दहा वेळा दाबून पाहिले. चाक फिरवलं. जराही घासत नव्हतं. इतकं नेटकं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

प्रणालीने डाव्या हाताने चाक फिरवलं. कान जवळ नेला. पुन्हा फिरवलं.

"काका, थोडंसं घासू द्या ना."

"काहून?"

"आवाज आला का समजते, ब्रेक हाये म्हणून."

तिच्या वडिलांनी मान खाली घातली. मी सायकलपाशी बसलो आणि कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल केले.